कौलातले भोक : घरगुती इंधनसल्ल्याला मानक का मिळाले नाही?

१/
खांडबाऱ्याला आमच्या जुन्या घराच्या स्वयंपाकघरावर कौले आहेत. त्यांत एका ठिकाणी कौलाऐवजी पत्र्याचा तुकडा बसवला आहे आणि तुकड्याच्या मधोमध मूठ जाईल एवढे गोल भोक आहे. पावसाळ्यात त्यात प्लास्टिकची पिशवी कोंबतात. या भोकातून एकेकाळी निर्धूर चुलीचे धुराडे वर जात होते. चूल दोन पावसाळे टिकली. धुराड्याचा सिमेंटचा नळ परसात सांडपाण्याच्या नाळीला लागला आणि तो मात्र अजून काम देतो.

२/
आजचा धागा त्या चुलीपेक्षा ती बसवून देणाऱ्या आणि 'अशी पेटवा, सरपण निम्मे लागेल' असे सांगणाऱ्या माणसाबद्दल अधिक आहे. स्वयंपाकघरातल्या जवळपास प्रत्येक वस्तूवर कुणाचा तरी शिक्का असतो. कुकरवर आयएसआय, फ्रिजवर तारे, सिलिंडरवर तपासणीचे वर्ष. घराने इंधन कसे वापरावे याचा सल्ला देणाऱ्याच्या कपाळावर मात्र आपल्याकडे कधी कुठला शिक्का बसला नाही. असे का झाले, याचा इतिहास आहे आणि त्याची सुरुवात महाराष्ट्रातच होते.

३/
आधी जागा. खांडबारा हे नवापूर तालुक्यातले गाव, सुरत–भुसावळ लोहमार्गावर नवापूर आणि नंदुरबार यांच्या दरम्यानचे. (नवापूरचे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, हे इथले लोक पाहुण्यांना आवर्जून सांगतात. मीही सांगून घेतो.) १ जुलै १९९८ पर्यंत हा सारा भाग धुळे जिल्ह्यात होता. नवापूरच्या तूरडाळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण इंधनाच्या इतिहासात तुरीचा मान वेगळा आहे : दाणे बाजारात जातात आणि तुराट्या चुलीत. तुराट्या, जंगलातल्या काटक्या, गोवऱ्या हेच इथले पिढ्यानपिढ्यांचे इंधन. ते विकत घ्यावे लागत नसे, म्हणून त्याचा हिशेब पैशात कुणी मांडला नाही. तो बायकांच्या पायपिटीत आणि डोळ्यांत होत राहिला.

४/
डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी त्यासाठी आपली बाग दिली आणि मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ तिचे नाव मगनवाडी पडले. संघाची धुरा जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे होती. लंडनमध्ये हिशेबतपासनीस म्हणून तयार झालेला आणि कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला हा माणूस मगनवाडीत तेलघाणी, हातकागद, मधमाश्या आणि चुली यांच्या खटपटीत रमला. तिथे घडलेली 'मगन चूल' १९४७ ची मानली जाते. एकाच विस्तवावर एकाहून अधिक भांडी ठेवायची सोय आणि धूर बाहेर काढणारे धुराडे, ही तिची रचना.

५/
पाठोपाठ हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतले एस. पी. राजू यांनी स्वतःची धुराड्याची चूल मांडली आणि १९५३ मध्ये 'स्मोकलेस किचन्स फॉर द मिलियन्स' ही पुस्तिका काढली. शीर्षकातच लक्षावधी स्वयंपाकघरे होती. दोन्ही चुलींमागचे तत्त्व एकच आहे. उघड्या चुलीत बरीच उष्णता भांड्याच्या कडेने निसटते. विस्तव मातीच्या भिंतींनी वेढला, गरम वायू दुसऱ्या भांड्याखालून फिरवला आणि हवेची ओढ धुराड्याकडे सोपवली, तर तीच उष्णता दोनदा कामाला येते. ओढ फार झाली तर मात्र उष्णताही धुराड्यातून निघून जाते. म्हणून वाटेत झडप किंवा उंचवटा हवा, आणि तो किती असावा यावर सारे अवलंबून. दोन बोटांचा फरक झाला तरी चूल एक तर धुमसते किंवा सरपण खाते.

६/
हे तपशील सांगण्याचे कारण असे की ही चूल कारखान्यातून येत नाही. ती घरात येऊन, घरच्या मातीने, कुणीतरी बांधावी लागते. बांधणाऱ्याचा हात चुकला तर रचना कितीही शास्त्रशुद्ध असून उपयोग नाही. मगनवाडीच्या काळात या हाताची हमी काय होती? कार्यकर्ता. तो खादी घालतो, गावात राहतो, काही विकत नाही, आणि बिघडले तर उद्या पुन्हा भेटतो. सल्ल्याचे मानक त्याच्या राहणीत होते, कागदावर नव्हते. मला ही व्यवस्था भाबडी वाटत नाही. मात्र असे कार्यकर्ते मूठभर होते आणि स्वयंपाकघरे लक्षावधी.

७/
योगायोग पाहा. मगन चुलीच्याच वर्षी, जानेवारी १९४७ मध्ये, दिल्लीत भारतीय मानक संस्था म्हणजे 'आयएसआय' सुरू झाली. १९५२ च्या प्रमाणचिन्ह कायद्याने तिला वस्तूंवर चिन्ह देण्याचा अधिकार मिळाला. मुळात ही व्यवस्था ऐच्छिक होती : उत्पादकाने स्वतः अर्ज करायचा, तपासणीला तयार व्हायचे, मग चिन्ह लावायचे. बाजारात चिन्हाला किंमत आली की इतरही येतील, असा हिशेब. बऱ्याच वस्तूंच्या बाबतीत तो खरा ठरला, काहींच्या बाबतीत अखेर सक्ती करावी लागली. प्रेशर कुकरचेच घ्या. दशकानुदशके ऐच्छिक असलेले त्याचे मानक २०२० च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने बंधनकारक झाले.

८/
पण चिन्ह छापायला वस्तू लागते. पत्रा लागतो, कारखान्याचा पत्ता लागतो, खेप क्रमांक लागतो. मातीच्या चुलीला यातले काहीच नाही. तेव्हा वर्ध्याची चूल आणि दिल्लीचा शिक्का एकाच वर्षी जन्मूनही एकमेकांना भेटले नाहीत.

९/
पुढचे वळण १९७३ च्या तेलसंकटाचे. परकीय चलन तेलावर उधळू लागले तसे सरकारला घराघरातल्या ज्योतीची आठवण झाली. १९७६ मध्ये पेट्रोलियम बचतीसाठी एक कृतिगट नेमला गेला आणि १९७८ मध्ये त्यातून पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघटना, म्हणजे 'पीसीआरए', उभी राहिली. घरगुती इंधन कसे वाचवावे याचा संघटित, सार्वजनिक सल्ला देशात मोठ्या प्रमाणावर सुरू झाला तो इथे. डाळ भिजवून ठेवा, सगळी तयारी झाल्यावरच गॅस पेटवा, भांड्यावर झाकण ठेवा, उकळी आली की ज्योत बारीक करा, पसरट बुडाचे भांडे वापरा. हा सल्ला भौतिकशास्त्राच्या दृष्टीने चोख आहे. उकळी आल्यानंतर ज्योत मोठी ठेवली तर पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही, नुसती वाफ वाढते.

१०/
त्याच सुमारास इंडियन ऑइलच्या संशोधन केंद्राने केलेला 'नूतन' वातीचा स्टोव्ह आला. रॉकेलची बचत करणारा म्हणून तो शहरी चाळींपासून तालुक्याच्या गावांपर्यंत पोचला. इथे सल्ला आणि वस्तू यांची गाठ बसली : पत्रकात सांगितलेले दुकानात मिळे आणि दुकानातल्या वस्तूवर चिन्ह असे. मात्र हा सगळा सल्ला रॉकेल आणि गॅस जाळणाऱ्या घरांसाठी होता. तुराट्या जाळणारी बाई राष्ट्राचे परकीय चलन उधळत नव्हती, म्हणून तिच्याकडे वळायला आणखी काही वर्षे लागली.

११/
ती वळली दोन कारणांनी. १९७५ मध्ये एरिक एकहोम याने जळाऊ लाकडाच्या टंचाईला 'दुसरे ऊर्जासंकट' म्हटले आणि जंगलतोडीचे खापर चुलीवर फुटू लागले. (ते पुष्कळ अंशी अन्यायाचे होते, कारण गावातली बाई सहसा वाळक्या फांद्या गोळा करते, झाड पाडत नाही.) दुसरे कारण धुराचे. कर्क स्मिथ आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर हवा मोजणारी उपकरणे लावून श्वासात किती धूर जातो ते मोजले आणि १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. डोळे चुरचुरतात हे प्रत्येक घरी ठाऊक होते. आता ते आकड्यात आले आणि आकडा शासनाच्या फायलीत शिरू शकतो.

१२/
१९८३ पासून प्रायोगिक आणि दशकाच्या मध्यापासून देशव्यापी स्वरूपात 'राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम' सुरू झाला. केंद्रात अपारंपरिक ऊर्जा विभाग आणि राज्यात जिल्हा परिषद–पंचायत समितीची नेहमीची वाट. पुण्याची महाऊर्जा, म्हणजे महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, हीही १९८५ चीच. २००२ मध्ये केंद्राने हा कार्यक्रम राज्यांवर सोपवून हात काढून घेतला तोवर देशभरात सुमारे साडेतीन कोटी चुली वाटल्याची नोंद होती. आमच्या कौलातले भोक त्या साडेतीन कोटींपैकी एक.

१३/
कार्यक्रमाने मानक ठरवले होते. साध्या चुलीची औष्णिक कार्यक्षमता दहा टक्क्यांच्या आसपास धरत. बसवलेल्या मातीच्या सुधारित चुलीची किमान २० टक्के आणि हलवता येणाऱ्या पत्र्याच्या चुलीची किमान २५ टक्के असावी, अशी अट होती. याचा अर्थ सोप्या हिशेबात पाहू. दोन लिटर पाणी २५ अंशांवरून ९५ अंशांवर न्यायला सुमारे ५८६ किलोज्यूल उष्णता लागते. एक किलो वाळक्या लाकडात साधारण १६,००० किलोज्यूल असतात. दहा टक्क्यांच्या चुलीत त्यासाठी साडेतीनशे ग्रॅमहून थोडे अधिक लाकूड जाळावे लागेल, वीस टक्क्यांच्या चुलीत त्याच्या निम्मे. 'सरपण निम्मे लागेल' हे वाक्य असे जन्मले. ते खोटे नव्हते. ते प्रयोगशाळेतल्या पाण्याबद्दल होते.

१४/
आमच्या घरी पाणी उकळत नाहीत, भाकरी करतात. भाकरी तव्यावर एका बाजूने भाजली की तवा उतरवून किंवा भाकरी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यासमोर उभी करून फुगवतात. जुन्या चुलीला त्यासाठी पुढे मोकळे तोंड असे आणि मागे किंवा बाजूला वैल. वैलावर वरण संथ शिजे. नव्या चुलीचे तोंड अरुंद, कारण जास्त हवा आत आली की कार्यक्षमता घसरते. आजीने पहिल्याच महिन्यात ते तोंड विळ्याने कोरून रुंद केले. आता भाकरी फुगू लागली आणि धूर पुन्हा घरात येऊ लागला. शिवाय चुलीवर टांगलेल्या मक्याच्या कणसांना धुराचा उपयोग असतो, धुराने कीड लागत नाही. निर्धूर घरात कणसे कुठे टांगायची, हे सांगणारा कुणी नव्हता.

१५/
दिल्लीच्या टेरी संस्थेतले व्ही. व्ही. एन. किशोर आणि पी. व्ही. रमणा यांनी २००२ मध्ये कार्यक्रमाची जी चिकित्सा केली ती याच मुद्द्यावर बोट ठेवते : बचतीचे दावे प्रयोगशाळेतल्या कार्यक्षमतेवरून काढले गेले आणि प्रत्यक्ष घरातल्या वापराशी त्यांचा मेळ नीट बसत नव्हता. पुढे ओडिशात रेमा हॅना, एस्थर दुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी काही वर्षे घरांचा पाठपुरावा करून पाहिले, तेव्हा पहिल्या वर्षी कमी झालेला धूर पुढे पुन्हा पूर्वपदावर आला होता. बायका नव्या चुली नियमाने वापरत नव्हत्या आणि त्यांची डागडुजीही करत नव्हत्या. यावर 'लोक अडाणी' असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही भेटतात. मला उलटा प्रश्न पडतो : डागडुजी करायला शिकवायचे काम कुणाचे होते?

१६/
कागदावर ते काम 'स्वयंरोजगारी कारागिरा'चे होते. गावातल्या होतकरू स्त्री-पुरुषांना निवडून, चूल बांधण्याचे प्रशिक्षण देऊन तयार केलेला हा वर्ग. राज्याराज्यांत तांत्रिक पाठबळ केंद्रे होती, ती प्रशिक्षण देत आणि नव्या रचना तपासत. कारागिराला मेहनताना मात्र बांधलेल्या चुलीमागे मिळे. महिन्याने येऊन धुराडे साफ आहे का ते पाहिले तर त्याचा वेगळा मोबदला नाही. पंचायत समितीला उद्दिष्ट येई तेही संख्येत. अशा व्यवस्थेत शहाणा माणूस पुढच्या घरी चूल बांधायला जाईल, मागच्या घरी चौकशीला नाही. यात त्या कारागिराचा दोष मी मानत नाही.

१७/
आजीला विचारले, तो माणूस पुन्हा आला होता का? "तो नाही. दुसरे आले होते मोजायला. चूल आहे का, विचारले. मी म्हटले, आहे. लिहून घेतले आणि गेले."

१८/
तुलनेसाठी त्याच काळातला बायोगॅस पाहा. १९८१-८२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बायोगॅस प्रकल्पात संयंत्र बांधून चालू करून देणाऱ्याला वेगळे शुल्क मिळे आणि त्यापोटी त्याने संयंत्र काही वर्षे चालू राहील अशी हमी द्यावी लागे. हमी सगळीकडे पाळली गेली असे नाही. पण सांगणाऱ्याची जबाबदारी काम संपल्यावरही शिल्लक राहते, हे निदान कागदावर आले होते. बायोगॅस चार गुरे असलेल्या शेतकऱ्याकडे जाई आणि मातीची चूल कुणाकडेही. हा भेद सहज झाला असेल असे मला वाटत नाही.

१९/
१९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने (आयएसआयचे १९८७ पासूनचे नवे रूप) जैवइंधनाच्या चुलीसाठी आयएस १३१५२ हे मानक काढले. नाव नीट वाचा : ते 'हलवता येणाऱ्या' चुलीसाठी आहे. म्हणजे शिक्का अखेर चुलीपर्यंत पोचला, पण पत्र्याच्या. घरात बांधलेली, कौलातून धूर सोडणारी चूल बाहेरच राहिली. ती राहणारच होती. तिचे मानक करायचे म्हटले तर बांधणाऱ्याचेच मानक करावे लागले असते : त्याला काय यायला हवे, त्याने घरच्या बाईला काय विचारायला हवे, कितीदा परत यायला हवे.

२०/
यावर पुण्यात एक चतुर तोडगा निघाला. डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने (समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्था, १९९६) 'लक्ष्मी' चुलीसाठी साचा वापरला. साच्यात सिमेंट किंवा माती भरली की तोंड, वैल आणि वायुमार्ग यांची मापे ठरल्याप्रमाणेच येतात. कारागिराच्या बोटांतला फरक पत्र्याच्या साच्याने काढून टाकला. इतिहासाच्या भाषेत सांगायचे तर साचा म्हणजे घडी घालून खांद्यावर नेता येणारे मानक. कुंभारांनी आणि लहान उद्योजकांनी अशा चुली करून विकल्या आणि अनुदान थांबल्यावरही काही ठिकाणी त्यांना गिऱ्हाईक राहिले. ज्याला उद्या त्याच बाजारात पुन्हा विकायचे आहे तो निदान तक्रार ऐकतो. साच्याने चूल एकसारखी झाली. तिच्याबरोबर दिला जाणारा सल्ला मात्र विकणाऱ्याच्या मर्जीवरच राहिला.

२१/
आता कायदा. चुलीचा कार्यक्रम भरात असताना, डिसेंबर १९८६ मध्ये, ग्राहक संरक्षण कायदा झाला. महाराष्ट्रातल्या ग्राहक चळवळीचा त्यामागे मोठा रेटा होता. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांची ग्राहक पंचायत त्याआधी दशकभर काम करत होती आणि मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून. या कायद्यात 'सेवे'ची व्याख्या आहे आणि त्या व्याख्येतून विनामूल्य दिलेली सेवा वगळली आहे. २०१९ च्या नव्या कायद्यातही ती तशीच वगळलेली आहे. याचा अर्थ सल्ला विकत घेणारा तक्रार करू शकतो, फुकट मिळालेला सल्ला ज्याच्या गळ्यात पडला तो नाही. गरिबाला इंधनाचा सल्ला नेहमी फुकटच मिळतो. या एका वाक्यासाठी मी तो कायदा दोनदा वाचला.

२२/
शतक बदलले तशी दिशा विजेकडे वळली. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. मार्च २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे 'बीईई', सुरू झाला. मे २००६ मध्ये फ्रिज आणि ट्यूबलाइटवर तारे आले, तेही आधी ऐच्छिक. जानेवारी २०१० पासून फ्रॉस्ट-फ्री फ्रिज, वातानुकूलन यंत्र, ट्यूबलाइट आणि वितरण रोहित्र यांना ते सक्तीचे झाले. आयएसआयचाच जुना मार्ग : आधी इच्छेने, मग सक्तीने. गॅसच्या शेगडीलाही तारे आहेत आणि ते ऐच्छिक गटात आले.

२३/
आणि याच कायद्याने देशात प्रथमच ऊर्जेचा सल्ला देणाऱ्या माणसाचे मानक केले. ऊर्जा व्यवस्थापक आणि ऊर्जा लेखापरीक्षक यांच्यासाठी राष्ट्रीय परीक्षा आली, पहिली २००४ मध्ये. प्रमाणपत्र, अनुभवाची अट, अहवालाचा नमुना, सारे काही. फक्त हे लेखापरीक्षक कारखान्यांसाठी आणि मोठ्या इमारतींसाठी आहेत. पोलाद, सिमेंट, कागद, खत अशा उद्योगांना अधिकृत माणसाकडून तपासणी करून घ्यावी लागते. घराला असा माणूस मिळत नाही. घराचा सल्लागार म्हणजे दुकानातला विक्रेता. तो पाच तारे दाखवतो, पण ताऱ्यांचे निकष ठरावीक काळाने कडक होतात आणि जुन्या खेपेतले पाच नव्या निकषाने चारही भरतील, हे तो सांगेलच असे नाही. त्याला कुणी विचारतही नाही की तुला त्या कंपनीकडून काय मिळते.

२४/
बाहेरच्या देशांत हा प्रश्न त्याच तेलसंकटाने उभा केला होता. अमेरिकेने १९७८ च्या कायद्याने वीज आणि गॅस कंपन्यांनाच ग्राहकांच्या घरांची ऊर्जातपासणी देऊ करायला लावले. जो वीज विकतो त्यानेच ती कमी वापरायचा सल्ला द्यायचा, ही गंमत तिथल्या लोकांच्याही लक्षात आली. जर्मनीत त्याच वर्षापासून ग्राहक केंद्रांनी घरगुती ऊर्जासल्ला सुरू केला. सल्लागार काही विकत नाही, हाच त्याचा पाया, आणि तो आजही चालू आहे.

२५/
ब्रिटनचा प्रवास वेडावाकडा आहे. १९९२ मध्ये एनर्जी सेव्हिंग ट्रस्ट निघाला आणि त्या दशकात गावोगावी सल्लाकेंद्रांचे जाळे झाले. २०१३ मध्ये 'ग्रीन डील' नावाची योजना आली, तिच्यात घर तपासणाऱ्या सल्लागाराला प्रमाणपत्र अनिवार्य केले. दोन-अडीच वर्षांत, जुलै २०१५ मध्ये, सरकारने तिचा पैसा थांबवला. प्रमाणपत्र घेतलेले लोक हात चोळत राहिले. मग पीटर बॉनफिल्ड यांच्या २०१६ च्या अहवालातून पुढे 'पास २०३५' हे मानक २०१९ मध्ये आले. घर सुधारण्याच्या साऱ्या कामाला एक जबाबदार समन्वयक असावा, आणि काम झाल्यावर घराचे काय झाले ते मोजावे, असे ते सांगते. या दुसऱ्या अटीपाशी मी बराच वेळ थांबलो. मोजायला परत यायचे.

२६/
ऐच्छिक मानकांवर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात आणि दोन्ही खरे आहेत. पहिला, जो मुळात प्रामाणिक आहे तोच ते स्वीकारतो, ज्याला आवरायचे तो बाहेरच राहतो. दुसरा, मानकाचे शुल्क आणि कागदपत्रे मोठ्या संस्थांना परवडतात, तालुक्यातल्या बचतगटाला नाही. तरीही आपल्या इतिहासात सक्ती सहसा ऐच्छिक टप्प्यातून गेली आहे. कुकर घ्या, तारे घ्या. आधी कुणीतरी 'चांगले म्हणजे काय' हे लिहून काढावे लागते. घरगुती सल्ल्याबाबत आपल्याकडे तो पहिला कागदच नाही. सल्लागाराचे कमिशन उघड करणे, सल्ला घरच्या भाषेत लेखी देणे, ठरावीक मुदतीत परत येणे, तक्रार कुणाकडे करायची ते सांगणे : चार ओळींचे काम आहे.

२७/
चुलींच्या मानकांत मात्र सुधारणा झाली, हे नोंदवायला हवे. २०१३ मध्ये आयएस १३१५२ सुधारले गेले. नैसर्गिक हवेच्या चुलीला २५ आणि पंख्याच्या चुलीला ३५ टक्के कार्यक्षमता, शिवाय कार्बन मोनॉक्साइड आणि सूक्ष्म कण यांच्यावर मर्यादा. म्हणजे धुराचाही हिशेब मानकात धरला गेला. आंतरराष्ट्रीय पातळीवर २०१८ मध्ये चुलींच्या प्रयोगशाळेतल्या चाचणीचे मानक आले आणि २०१९ मध्ये प्रत्यक्ष घरांत चाचणी कशी घ्यावी याचे. प्रयोगशाळेतून घरापर्यंतचा हा उंबरठा ओलांडायला मगन चुलीपासून बहात्तर वर्षे लागली.

२८/
मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आमच्या भागात शेगड्या आल्या. चहा, भाजी, पाहुण्यांचा स्वयंपाक गॅसवर. भाकरी आणि अंघोळीचे पाणी चुलीवर. अभ्यासक याला चुलींची थप्पी म्हणतात, घरात याला सोय म्हणतात. सिलिंडर कसा लावायचा, वास आला तर काय करायचे, हे जोडणीच्या वेळी सांगितले जाते. तो सुरक्षेचा सल्ला आहे आणि तो आवश्यकच आहे. पण एका सिलिंडरमध्ये अमुक माणसांचा स्वयंपाक किती दिवस होईल, डाळ कुकरमध्ये शिजवली तर किती दिवस वाढतील, महिन्याच्या मजुरीत भरणा कसा बसवायचा, हा हिशेब शेजारणी एकमेकींना सांगतात. नवापूरची डाळ रात्री भिजत घालायची हे पीसीआरएचे १९७८ नंतरचे शहाणपण खांडबाऱ्यात बायकांकडून बायकांकडे आले.

२९/
एक विनंती. १९८५ ते २००२ या काळातले निर्धूर चुलीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, पंचायत समितीची पावती, चूल कशी साफ करावी याचे पत्रक, किंवा साच्याचा फोटो तुमच्या घरी असेल तर कृपया मला संदेश पाठवा. विशेषतः नवापूर, साक्री, शहादा, धडगाव भागातल्या वाचकांनी. चुली बांधणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असतील तर त्यांच्याशी बोलायला मला फार आवडेल. किती चुली बांधल्या यापेक्षा कुणाच्या घरी पुन्हा गेला होतात आणि तिथे काय दिसले, ते ऐकायचे आहे.